वसतिगृहाची खोली मांडताना: मंगळबाजार की फतेगंज?

माझ्या भाचीला महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या ललितकला विद्याशाखेत प्रवेश मिळाला आणि तिची वसतिगृहातील खोली मांडून देण्याचे काम दांडिया बाजारात राहणारा मामा म्हणून ओघानेच माझ्याकडे आले. त्या निमित्ताने दोन दिवसांत वडोदऱ्याचे दोन बाजार पायाखाली घातले: पहिल्या दिवशी विद्यापीठाजवळचा फतेगंज आणि दुसऱ्या दिवशी लहेरीपुरा दरवाजापासून मांडवीपर्यंतचा जुना बाजार, ज्यात मंगळबाजार येतो. नव्याने येणाऱ्या विद्यार्थ्यांच्या पालकांना उपयोग व्हावा म्हणून हा अनुभव लिहीत आहे.

फतेगंजला आधी जाण्याचा आग्रह भाचीचा होता. "मामा, सगळं तिथेच मिळेल, उगाच गर्दीत कशाला जायचं?" तिचे म्हणणे अगदीच चुकीचे नव्हते. रस्ता रुंद, दुकाने वातानुकूलित, भाव वस्तूवर छापलेला आणि मोबाइलवरून पैसे देण्याची सोय सर्वत्र. कपडे, पाठीवरच्या पिशव्या, चार्जर, झेरॉक्स आणि खाण्यापिण्याची तर रेलचेल. परंतु आमच्या यादीत होते ते कुलूप, बादली, कपडे वाळत घालण्याची दोरी, चिमटे, सुई-दोरा आणि गादी, आणि आम्ही ज्या पट्ट्यात तासभर फिरलो तेथे कॉफीचे दहा प्रकार मिळाले, कुलूप मात्र एकाही दुकानात मिळाले नाही. कागद, ब्रश आणि रंग हे सामान तेवढे विद्याशाखेजवळच्या एका दुकानातूनच घ्यावे, कारण पहिल्या वर्षाच्या मुलांना कोणत्या जाडीचा कागद लागतो हे तेथील माणसाला न सांगता ठाऊक होते.

खरी परीक्षा गादीची झाली. शहरातील एका मोठ्या मॉलमध्ये मिळणाऱ्या तयार गाद्या तीन फूट रुंदीच्या होत्या आणि भाचीची खाट भरली अडीच फूट. विक्रेत्या मुलाने अत्यंत नम्रपणे "ॲडजस्ट होऊन जाईल" असे सांगितले. अर्धा फूट गादी खाटेबाहेर लोंबकळत असताना नेमके काय ॲडजस्ट होते, हे मला अजून कळलेले नाही. दुसऱ्या दिवशी जुन्या शहरातील गादीवाल्याने माप विचारले, कापूस नवा हवा की पिंजलेला जुना चालेल हे विचारले, खोळीचे कापड निवडायला लावले आणि संध्याकाळी पाचपर्यंत अडीच बाय सहाची गादी शिवून तयार ठेवली.

मांडवीची चौकोनी वास्तू जुन्या शहराच्या मधोमध असून लहेरीपुरा, पाणीगेट, चांपानेर आणि गेंडीगेट या चार दरवाजांकडून येणारे रस्ते तेथे मिळतात. या रचनेमुळे खरेदी सोपी होते, कारण एका जिनसाची दुकाने बहुधा एकमेकांना लागून असतात आणि एका दुकानातला भाव न पटल्यास शेजारी जाण्यास चार पावलेही पडत नाहीत. मंगळबाजारात चादरी, अभ्रे आणि ओढण्या घेताना घासाघीस करावीच लागते. 'छेल्लो भाव' (शेवटचा भाव) हे शब्द विक्रेत्याच्या तोंडून पहिल्यांदा निघाले म्हणजे बोलणी आता कुठे सुरू झाली, असे समजावे. बरेच दुकानदार मराठी समजतात, काही उत्तम बोलतात, पण त्यामुळे भाव कमी होतो हा आपल्या लोकांचा गोड गैरसमज आहे.

गैरसोयीही सांगितल्या पाहिजेत. वाहन उभे करण्यास जागा जवळजवळ नाही, दुपारनंतर गल्लीत खांद्याला खांदा लागतो, आणि नवरात्रीपूर्वीच्या दिवसांत चणियाचोळीच्या गर्दीत शिरून बादली घेण्याचे धाडस कोणी करू नये. कपडा बदलून मिळेल का, हे पैसे देण्यापूर्वी विचारावे. आमच्या एका चादरीचा रंग पहिल्याच धुण्यात उतरला आणि दुकानदाराने ती परत घेतली नाही. तेवढ्यापुरता फतेगंजचा पावती देणारा व्यवहार सरस ठरतो.

विद्यापीठ 1949 सालचे, पण गेल्या काही वर्षांत वाघोडियाकडील खाजगी विद्यापीठ आणि लालबागेतील गतिशक्ती विश्वविद्यालय यांमुळे बाहेरगावची मुले शहराच्या चहू दिशांना राहू लागली आहेत. त्यांच्या आसपास दुकाने उघडत आहेत ती मुख्यतः खाण्याची आणि कपड्यांची. सयाजीरावांनी विसाव्या शतकाच्या आरंभी खंडेराव मार्केट बांधले तेव्हा भाजी, फळे आणि फुले यांना एका छताखाली हक्काची जागा दिली होती. नव्या व्यापारी संकुलांच्या आराखड्यात किराणा, हार्डवेअर आणि शिंपी यांच्यासाठी दोन-चार गाळे राखून ठेवण्याचा विचार कोणी केलेला दिसत नाही.

पालकांनी रंग-कागद फतेगंजातून आणि बाकी सारे जुन्या बाजारातून घ्यावे, तेही सकाळी दुकाने उघडताच. लहेरीपुरा दरवाजाजवळच्या न्यायमंदिरापर्यंत शहर बसने जावे. परतताना गादीसाठी रिक्षा करावी आणि भाडे गादी दाखवण्यापूर्वी ठरवावे. आम्ही नंतर ठरवले आणि वीस रुपये जास्त मोजले.