तीस बाय चाळीसच्या प्लॉटवरचं दुमजली घर: चौदा महिने राहिल्यावर

साताऱ्याच्या कडेला आमचा ३० बाय ४० चा प्लॉट, पूर्वेला रस्ता. पुढे दहा फूट, मागे पाच, दक्षिणेला पाच आणि उत्तरेला तीन फूट सोडल्यावर बांधकामाला २२ बाय २५ उरलं. म्हणजे खाली साडेपाचशे स्क्वेअर फूट आणि वर तेवढंच. राहणारे पाच जण: आम्ही दोघं, सासूबाई, नववीतली मुलगी आणि चौथीतला मुलगा. गेल्या वर्षी अक्षय तृतीयेला राहायला आलो. नव्या घरात पहिले दोन महिने सगळंच छान वाटतं. खोली कुठे चुकली हे कळायला एक पावसाळा आणि घरातलं एखादं आजारपण जावं लागतं. आमचं दोन्ही झालं, म्हणून आता लिहिते आहे.

मांडणी आधी सांगते. खाली पुढच्या बाजूला हॉल साडेतेरा बाय बारा, त्याला लागून दक्षिणेला जिना. मागे नैर्ऋत्येला आईंची खोली ९ बाय ११, वायव्येला स्वयंपाकघर ७ बाय ११, दोन्हींच्या मधे ४ बाय ७ चं संडास-बाथरूम आणि त्याच्या तोंडाशी चार फुटांचा छोटा पॅसेज. वर हॉलच्या डोक्यावर आमची खोली, आईंच्या खोलीवर मुलीची, स्वयंपाकघरावर मुलाची छोटी खोली आणि बाथरूमवर बाथरूम. या शेवटच्या गोष्टीत तडजोड करू नका. खालचं-वरचं बाथरूम एकावर एक असलं की पाइप सरळ उतरतात, कुणाच्या डोक्यावरून आडवी लाइन जात नाही आणि गळती झालीच तर कुठे बघायचं हे ठाऊक असतं.

पहिल्या नकाशात आईंची खोली नव्हतीच. खाली मोठा हॉल, डायनिंग आणि सगळ्या बेडरूम वर होत्या. कागदावर तो हॉल फार देखणा दिसत होता आणि आम्ही जवळजवळ होकार दिला होता. आईच म्हणाल्या, "अगं, मी रोज किती वेळा वर-खाली करायचं?" तेव्हा त्या व्यवस्थित चालत होत्या. तरी आम्ही डायनिंग काढलं आणि त्या जागेत त्यांची खोली बसवली. या फेब्रुवारीत त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. दवाखान्यातून आल्या त्या थेट स्वतःच्या पलंगावर. त्या दिवशी मला त्या नकाशाची आठवण झाली आणि पोटात गोळा आला. डायनिंग टेबलाची उणीव मला चौदा महिन्यांत एकदाही जाणवली नाही. आम्ही हॉलमध्ये चटईवर जेवतो, आईंसाठी घडीचं टेबल उघडतो.

त्यांच्या खोलीची खिडकी दक्षिणेला घेतली, वर दोन फुटांचा छज्जा. साताऱ्यात मेच्या दुसऱ्या आठवड्याच्या सुमारास दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो, त्यामुळे उन्हाळ्यात या खिडकीतून दुपारचं ऊन आत येतच नाही. डिसेंबरात मात्र सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो. तेव्हा दुपारी बारा-साडेबाराला उन्हाचा पट्टा साडेतीन-चार फूट आत येऊन आईंच्या पलंगाच्या कडेवर पडायचा. त्या तिथे पाय सोडून बसायच्या. एवढ्याशा खोलीचा खरा आराम या खिडकीत आहे.

बाथरूमच्या दारात मात्र आम्ही चुकलो. चौकट पावणेतीन फुटी घेतली हे बरं केलं, कारण नेहमीच्या अडीच फुटीतून वॉकर नेताना रोज बोटं खरचटली असती. पण दार आत उघडणारं होतं. चार फूट रुंदीच्या बाथरूममध्ये वॉकर घेऊन माणूस आत गेला की दार लावायला मागे जागाच उरत नाही. पहिले दोन दिवस आई दार उघडं ठेवून जात होत्या आणि मी पॅसेजच्या तोंडाशी पाठ करून उभी राहत होते. त्यांना किती अवघडल्यासारखं होत असेल, ते मला त्यांच्या आवाजात कळत होतं. तिसऱ्या दिवशी सुतार बोलावला, बिजागऱ्या फिरवून दार बाहेर उघडणारं करून घेतलं. आत पाय घसरून कुणी पडलं तरी असं दार बाहेरून उघडता येतं, हा फायदा त्यानेच सांगितला. घरात म्हातारं माणूस असो नसो, खालच्या बाथरूमचं दार पहिल्यापासून बाहेर उघडणारं घ्या.

जिन्यावरून घरात बरेच दिवस वाद चालला. भाऊजींचं म्हणणं होतं की जिना बाहेरून घ्या, उद्या वरचा मजला भाड्याने देता येईल. आमच्या भागात बहुतेकांनी तसंच केलंय आणि त्यामागचा हिशोब चुकीचा नाही. पण जिना बाहेर गेला की एका घराची दोन बिऱ्हाडं होतात असं मला वाटत होतं आणि आजही वाटतं. आता मुलगी क्लासहून आली की हॉलमधून, आजीसमोरून वर जाते. तिचा दिवस कसा गेला हे तिच्या चालण्यावरून आईंना कळतं. याची किंमतही आहे. हॉलमधला टीव्ही वरच्या खोल्यांत ऐकू येतो, त्यामुळे परीक्षेच्या दिवसांत आठनंतर तो बंद असतो.

आधीच्या आराखड्यात स्लॅब ते स्लॅब दहा फुटांसाठी सोळा पायऱ्या होत्या, प्रत्येकी साडेसात इंच उंच. त्या आम्ही अठरा करून घेतल्या. त्यामुळे प्रत्येक पायरी पावणेसात इंचांच्याही किंचित खाली आली, पाय ठेवायला दहा इंच मिळाले. जिन्याची खोली साडेसहा बाय बारा असल्याने नऊ-नऊ पायऱ्यांचे दोन टप्पे आणि मधला तीन फुटांचा चौक त्यात नीट बसला. ऑपरेशननंतर आईंच्या डॉक्टरांनी पायऱ्यांचा सराव सांगितला, तेव्हा याच जिन्याच्या पहिल्या नऊ पायऱ्या त्यांनी केल्या. मधल्या चौकाला ४ बाय ४ ची खिडकी आहे. मुलगा तिथेच बसतो. त्याला वेगळी खोली दिलीय, टेबल-खुर्ची दिलीय, पण गृहपाठ चौकात, पाय खालच्या पायरीवर सोडून. एकदा विचारलं तर म्हणाला, "इथून आजीपण दिसते आणि गल्लीपण."

जिन्याखाली धान्याच्या कोठ्या, इन्व्हर्टर आणि गौरीचे मुखवटे ठेवायची पेटी. सात फूट रुंदीच्या स्वयंपाकघरात वर्षाचे गहू-ज्वारी ठेवायचा प्रश्नच नव्हता. ओटा एकाच भिंतीला घेतला, समोर फ्रीज आणि उथळ मांडणी. दोन्ही बाजूंना ओटा घेतला असता तर मधे जेमतेम तीन फूट उरले असते आणि सणाला दोघी-तिघी उभ्या राहिल्या की एकमेकींना कोपर लागलं असतं. गौरीजेवणाला हॉलमध्ये दोन रांगांत बारा पानं बसली. वाढणारीला मधून जायला जागा होती. यापेक्षा मोठा हॉल आम्हाला नको होता.

आता तक्रार. कपडे धुण्याचं मशीन आम्ही मागच्या मोकळ्या जागेत ठेवलं आणि वाळत घालायची दोरी गच्चीवर. म्हणजे ओल्या कपड्यांची बादली घेऊन छत्तीस पायऱ्या. नकाशा बघताना हे कुणाच्याच लक्षात आलं नाही, कारण नकाशात खोल्या दिसतात, फेऱ्या दिसत नाहीत. मग मशीन उचलून गच्चीवरच्या जिन्याच्या खोलीत नेलं. तिथे दुसरी अडचण. टाकी नळाच्या चारच फूट वर, पाण्याला जोर नाही. मशीन भरायलाच अर्धा तास लागायचा. शेवटी वरच्या बाथरूममध्ये कोपऱ्यात बसवलं. जागा अडली, पण पाणी नीट येतं, सांडपाण्याची सोय आयती आहे आणि वाळत घालायला एकच जिना चढावा लागतो. पावसाळ्याचे चार महिने मात्र कपडे आमच्या खोलीच्या बाल्कनीत आणि जिन्याच्या कठड्यावर. छपराखालची, वारा खेळेल अशी चार बाय सहाची जागा कपड्यांसाठी राखायला हवी होती. हॉल दोन फुटांनी लहान झाला असता तरी चाललं असतं.

दुसरी तक्रार जास्त गंभीर आहे, कारण ती मुलीला सोसावी लागते. तिची खोली वर, नैर्ऋत्येला. डोक्यावर स्लॅब आणि पश्चिमेची भिंत पूर्ण उघडी. कलत्या उन्हाला छज्जा अडवू शकत नाही, ते सरळ भिंतीवर येतं. गेल्या मेमध्ये मी दोन्ही मजल्यांवर छोटे थर्मामीटर लावले होते. रात्री अकराला तिच्या खोलीत ३४ अंश, खाली आईंच्या खोलीत ३०. रात्री आठला भिंतीला हात लावला तर तव्यासारखी गरम. ती पोर बारा-साडेबारापर्यंत गच्चीवर अंथरूण टाकून पडायची. यंदा मार्चमध्ये गच्चीला पांढरा रंग दिला. एप्रिलच्या मध्यावर रात्री अकराला ३१ पर्यंत होतं. महिने वेगळे आहेत, त्यामुळे सगळं श्रेय रंगाला देता येणार नाही, पण स्लॅबचा तो वरून येणारा भपका कमी झालाय हे नक्की. भिंत मात्र तशीच तापते.

आज नकाशा परत काढायचा झाला तर वर पश्चिमेच्या बाजूला झोपायची खोली देणार नाही. तिथे बाथरूम, कपडे वाळवायची जागा आणि कपाटांची भिंत घेईन, म्हणजे ऊन त्यांच्यावर पडेल. त्यासाठी खालचं बाथरूमही सरकवावं लागलं असतं, हे मला कळतं. पाया भरण्याआधी ते जमलं असतं.

लाइनआउटच्या दिवशी गवंडीमामांनी फक्कीने खोल्या आखून दिल्या होत्या. आम्ही त्या रेषांमध्ये वर्तमानपत्रं पसरून पलंग आणि कपाटं मांडून बघितली, त्यामुळे आईंच्या खोलीचं दार एक फूट सरकवता आलं. तेव्हाच रिकामी बादली हातात घेऊन धुण्यापासून वाळवण्यापर्यंत एकदा चालून बघितलं असतं तर बरं झालं असतं.

मुलीच्या भिंतीसाठी बाहेरून दीड फूट अंतरावर लोखंडी जाळी लावून त्यावर वेल चढवायचा विचार आहे. पाऊस ओसरला की जाळीचं काम. पुढच्या मेमध्ये थर्मामीटर त्याच खिळ्याला लावेन आणि रात्री अकराचा आकडा इथे लिहीन.