आयटीआयचे आठ महिने: एसटी, हॉस्टेल, स्टायपेंड

ॲडमिशनच्या वेळी मी खूप शोधलं, पण सगळीकडे ट्रेड कुठला घ्यायचा नि पगार किती एवढंच, राहायचं-खायचं कसं हे कोणी लिहीत नाही. म्हणून आठ महिन्यांनी मीच लिहितोय. रत्नागिरी जिल्ह्यातली सरकारी आयटीआय, ट्रेड इलेक्ट्रिशियन, दोन वर्षांचा. नाव लिहीत नाही, अजून सव्वा वर्ष तिथेच काढायचंय.

शिकवण्याबद्दल तक्रार नाही. 20 जणांची बॅच, त्यामुळे सर एकेकाच्या हाताकडे बघतात. सुरुवातीला नुसतं फाइलिंग, म्हणजे कानशीने लोखंड घासणं, नि वायरचे जॉइंट, जाम कंटाळा येतो, सहन करा. अर्थिंगचा (वीज जमिनीत उतरवायचा) खड्डा मात्र आयुष्यभर लक्षात राहणार, सड्यावरचा जांभा दगड, दोन दिवस पहार मारली तरी गुडघ्यापर्यंतच, मीठ-कोळसा घालायची वेळ येईपर्यंत हाताला फोड.

खरा त्रास एसटीचा. आमच्या वाडीतनं पहिली गाडी पावणेसातला, ती वेळेत आली तर मी आठला वर्कशॉपमध्ये, नाहीतर हाफ डे. आणि परीक्षेला बसायचं तर 80 टक्के हजेरी लागते. पास काढला की भाडं एक तृतीयांशच पडतं हे खरं, पण गाडीच नाही आली तर पास घेऊन काय करू? गणपतीच्या आधी जादा गाड्या सुटतात चाकरमान्यांसाठी नि आमच्या फेऱ्या कॅन्सल, त्या आठवड्यात माझे तीन हाफ डे लागले. ऑफिसात गेलो तर क्लार्क म्हणाले लेट म्हणजे लेट. शेवटी गटनिदेशक सरांना (आमच्या शिकवणाऱ्या सरांच्या वरचे) सांगितलं, ते म्हणाले डेपोतनं फेरी रद्द झाल्याचं लिहून आण, मग बघतो. कंट्रोलरसाहेबांनी आढेवेढे न घेता साध्या कागदावर लिहून शिक्का मारून दिला, तिन्ही दिवस भरून निघाले. ही सोय आहे हे पहिल्या दिवशी वर्गात सांगायला काय जातं? अर्ध्या बॅचला अजून माहीत नाही.

त्यानंतर हॉस्टेलला अर्ज केला, डिसेंबरात जागा मिळाली. खोलीत चौघं, पाणी सकाळी तासभर, तेवढ्यात आंघोळ नि कपडे उरका. मेस नाही. समोर एका मावशींची खानावळ आहे, बुधवारी बांगडा असतो, त्या दिवशी हॉस्टेल रिकामं. मला घरची सर नाही वाटत पण सकाळची धावपळ वाचली आणि हजेरी नव्वदच्या वर गेली, त्यामुळे माझ्याकडून हॉस्टेलला चांगले मार्क.

पैशांचं सांगतो, नीट वाचा. उत्पन्नाच्या अटीत बसलात तर महिना 500 रुपये विद्यावेतन (स्टायपेंड) आहे, पूर्वी फक्त 40 होतं म्हणे, ऐकून आजोबाच हसले. माझे चार महिने आलेच नाहीत. ऑफिसात खेपा घातल्या, सगळे म्हणतात पोर्टलवर पाठवलंय. मग स्टोअरचे काका म्हणाले बँकेत जाऊन आधार कुठल्या खात्याला लिंक आहे ते बघ. निघालं काय, पाचवीत आईने शाळेच्या स्कॉलरशिपसाठी उघडलेल्या दुसऱ्या बँकेच्या खात्याला लिंक होतं नि पैसे गुपचूप तिकडे पडत होते! पासबुक घरी पत्र्याच्या पेटीत.

प्लेसमेंटचा बोर्ड आहे, त्यावरच्या नोटिसा जुन्या. पण सीनियर सांगतात ॲप्रेंटिसच्या पोर्टलवर नाव स्वतः टाकायचं, लोट्याच्या एमआयडीसीतल्या कंपन्या नि कोकण रेल्वेच्या जाहिराती आपणच बघायच्या, कोणी हाताला धरून नेणार नाही. समुपदेशन म्हणून जे काय ते वर्षातनं एकदा एक मॅडम येऊन गेल्या, बोलल्या चांगलं, पण पोरं वीस नि वेळ अर्धा तास.

यंदा येणार असाल तर हॉस्टेलचा अर्ज ॲडमिशनच्याच दिवशी द्या, उत्पन्नाचा दाखला मे महिन्यातच काढून ठेवा, जूनमध्ये तहसीलला रांग बाहेर पावसात असते. आणि बूट चांगले घ्या, मी स्वस्तातले घेतले, ऑगस्टातच तळ उघडला.