तीन किलोचा मास गेनर आणि माझं इन्शुलिन पेन

कोल्हापुरात आमच्या जिमच्या खालच्याच दुकानातून मास गेनरचा, म्हणजे वजन वाढवायच्या पावडरीचा, हा डबा घेतला. तीन किलो, चॉकलेट, २,४०० रुपये. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण याच मापाचे डबे बऱ्याच कंपन्या विकतात.

दुकानदार म्हणाले, "ताई, ह्यातल्या कार्ब्सनं इन्शुलिन एकदम वर जातंय. इन्शुलिन वर गेलं की प्रोटीन थेट मसलमध्ये."

मला चौदाव्या वर्षापासून टाइप वन डायबेटिस आहे. माझं इन्शुलिन आपोआप वर जात नाही, मला ते पेननं टोचावं लागतं. त्यामुळे हा डबा किती इन्शुलिन मागतो, ते मला युनिटमध्ये मोजता आलं.

चव बरी आहे, पावडर गुठळ्या न होता विरघळते. डब्यामागे लिहिलंय, शंभर ग्रॅमच्या एका सर्व्हिंगमध्ये १५ ग्रॅम प्रोटीन आणि ७८ ग्रॅम कार्ब्स, त्यातलं बहुतेक माल्टोडेक्स्ट्रिन, म्हणजे झटकन पचून साखर होणारं पिष्ट. म्हणजे ८० रुपयांत अडीच अंड्यांएवढं प्रोटीन. मला दहा ग्रॅम कार्ब्सना एक युनिट लागतं, म्हणून आठ युनिट घेतले. रात्रीच्या पूर्ण जेवणालाही मला एवढं लागत नाही. रक्तातली साखर दाखवणाऱ्या सेन्सरवर १३२ होते, पन्नास मिनिटांत २८६ झाले. व्यायामानंतर शरीर इन्शुलिनला जास्त दाद देतं, त्यामुळे तीन तासांनी ५८. हात थरथरत होते, आईनं साखर भरवली. तीन आठवडे डोस बदलून बदलून पाहिलं, रोज तोच चढ आणि तोच उतार. वजन दीड किलो वाढलं, आणि पँट कमरेला घट्ट झाली.

दुकानदार खोटं बोलत नव्हते, पण त्यांनी अर्धंच सांगितलं. इन्शुलिन स्नायूपेशीवरच्या रिसेप्टरला चिकटलं की आत एकामागून एक एन्झाइम जागी होतात. एक्ट नावाच्या एन्झाइमवरून निरोप एमटॉर नावाच्या दुसऱ्या एन्झाइमपर्यंत पोचतो, आणि एमटॉर रायबोसोमना, म्हणजे पेशीतल्या प्रोटीनच्या कारखान्यांना, नवं प्रोटीन जुळवायला लावतं. तोच एक्ट दुसरीकडे फॉक्सो नावाच्या प्रोटीनला केंद्रकाबाहेर ठेवतो, म्हणजे स्नायू मोडणारी जनुकं गप्प राहतात. माणसात इन्शुलिनचं मोठं काम हे दुसरं आहे, असलेला स्नायू राखायचं. नवं बांधायला अमिनो आम्लं, म्हणजे प्रोटीनचे घटक, हवीत आणि व्यायामाचा ताण हवा. त्या अमिनो आम्लांपैकी ल्युसिन तर एमटॉरला स्वतःच्या वेगळ्या वाटेनं जागं करतं.

आणि या सगळ्याला थोडंसं इन्शुलिनही पुरेसं होतं. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात निरोगी तरुणांना व्यायामानंतर एकदा नुसतं २५ ग्रॅम व्हे, म्हणजे दुधातलं एक प्रोटीन, दिलं, एकदा त्यातच ५० ग्रॅम माल्टोडेक्स्ट्रिन घालून. दुसऱ्या वेळी इन्शुलिन कितीतरी जास्त चढलं, पण स्नायूंत प्रोटीन तयार होण्याचा वेग तेवढाच राहिला. स्नायू मोडणंही आणखी कमी झालं नाही. निरोगी माणसाचं इन्शुलिन नुसत्या व्हेनंसुद्धा पुरेसं वर येतं. मग त्या ७८ ग्रॅमचे पैसे कशाला द्यायचे? ज्याला खरंच जेवण पुरत नाही, खूप कॅलरी हव्यात, त्यानं शेंगदाणे, केळी, दूध वाढवावं.

इन्शुलिन अजिबात नसलं की काय होतं, ते मी पाहिलंय. चौदाव्या वर्षी, निदान व्हायच्या आधीच्या दोन महिन्यांत माझं वजन ४० वरून ३१ किलोवर आलं. दोन वेळा पोटभर जेवत होते, तरी मांड्या वितळल्यासारख्या झाल्या होत्या. १९२२ साली टोरंटोत ज्याला पहिल्यांदा इन्शुलिन टोचलं, तो लिओनार्ड थॉम्पसनही चौदाच वर्षांचा होता, आणि वजन जेमतेम २९ किलो. त्याच्याबद्दल वाचताना मला माझेच हात आठवले.

आता व्यायामानंतर साधं व्हे घेते, पाण्यात, २५ ग्रॅम प्रोटीनचं. त्याला दीड युनिट पुरतं. हा माझा डोस आहे, तुमचा तुमच्या डॉक्टरांना विचारून ठरवा.

डब्याला पाचपैकी एक. उघडलेला डबा दुकानानं परत घेतला नाही.

एक गोष्ट मात्र डब्याहून महत्त्वाची. त्याच जिममधल्या एका पोरानं मला विचारलं, "ताई, तुमच्या पेनातलं चार युनिट द्या की, मसलसाठी." वय असेल एकोणीस. हे इंजेक्शन खेळाडूंना बंदीच्या यादीत आहे, पण मी त्याला बंदीचं सांगत बसले नाही. निरोगी माणसानं ते टोचलं तर साखर खाली जात राहते, मेंदूला इंधन मिळत नाही, माणूस बेशुद्ध पडतो, जीवही जातो. मी फोन काढून त्या रात्रीचा आलेख दाखवला. ५८ च्या जागी बोट ठेवलं आणि म्हटलं, इथं आई घरात होती म्हणून मी आहे. तू खोलीवर एकटा राहतोस ना?

त्यानं पुन्हा मागितलं नाही. पण मी पेन आता जिमच्या लॉकरमध्ये ठेवत नाही, कमरेच्या पाऊचमध्ये ठेवते.