शेतजमिनीच्या रस्त्याची तपासणी: एका वकिली सेवेचा अनुभव

भोर तालुक्यातील दीड एकर शेतजमीन घेण्यापूर्वी आम्ही तालुक्याच्या ठिकाणच्या एका वकिलांकडून मालकीहक्काचा शोध करून घेतला. विक्रेता दाखवत असलेली गाडीवाट शेजारच्या गटातून जात होती आणि सातबाऱ्याच्या ‘इतर हक्क’ या रकान्यात तिची नोंद नव्हती. गावनकाशावर गाडीमार्ग दुहेरी तुटक रेषेने दाखवतात. तशी रेषा तिथे नाही, हे वकिलांनी नकाशा समोर ठेवून दाखवले, ही या सेवेची सर्वांत मोलाची बाजू. बांधावरून रस्ता मिळवण्यासाठी महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, 1966 च्या कलम 143 खाली तहसीलदारांकडे अर्ज करता येतो. मात्र पूर्वापार वाट कोणी अडवली, तर मामलेदार न्यायालय अधिनियम, 1906 च्या कलम 5 खाली सहा महिन्यांच्या आत दाद मागावी लागते, हा फरकही त्यांनी नीट समजावला. अहवालास मात्र आठवडाभर उशीर झाला आणि शेजारच्या खातेदाराशी बोलणे आम्हांलाच करावे लागले, ही उणीव खरोखर मोठी आहे. त्यांच्याच सल्ल्याने, नोंदणीकृत रस्ता-हक्काचा दस्त झाल्याशिवाय आम्ही विसार दिला नाही.