‘विंटर पॅकेज’वाल्यापासून सावध राहा

न्यू जर्सीत नवीन घर घेतलेल्यांसाठी हे मुद्दाम लिहितेय. थंडीआधी घर-अंगणाची जी कामं करून घ्यावी लागतात, त्यातली बरीचशी झाली की नाही हे वसंत उजाडेपर्यंत कळतच नाही. आम्हाला फसवणाऱ्याचा सगळा धंदा नेमका यावरच चालतो.

ऑक्टोबरच्या अखेरीस तो दुपारी दारात उभा राहिला. आम्ही दोघं कामावर, घरी फक्त भारतातून आलेले सासू-सासरे. आमच्या भागात देशी घरं भरपूर आणि दुपारी ज्येष्ठच घरात असतात, हे त्याला पक्कं ठाऊक असावं. ‘नमस्ते अंकल’पासून सुरुवात. मग फोनवर माझ्याशी बोलणं झालं: स्प्रिंकलरचा ब्लोआउट, छपराच्या पन्हळींची सफाई, ड्राइव्हवेचं सीलकोटिंग (घरापुढच्या डांबरी गाडीवाटेवर सीलर नावाचा काळा संरक्षक लेप) आणि हिवाळाभर बर्फ काढणं, सगळं मिळून ‘विंटर पॅकेज’ ८९० डॉलर. शेजारच्या गल्लीतल्या कामाचं सीलर उरलंय, म्हणून आजच केलं तर स्वस्त. पैसे ‘झेल’ने (Zelle, बँक खात्यातून थेट पैसे पाठवायची सोय), आगाऊ.

बिलं मात्र दोन दिली, एक ४४५ चं आणि दुसरंही ४४५ चं. ‘हिशेबाला सोपं’ म्हणे! इथे ५०० डॉलरच्या वरच्या घरदुरुस्तीच्या कामाला लेखी करार लागतो, हे मला नंतर कळलं. दारावर येऊन केलेला सौदा तीन कामकाजी दिवसांत रद्द करता येतो आणि तसं सांगून रद्द करायचा फॉर्म देणं विक्रेत्यालाच बंधनकारक आहे, हेही. त्याने फॉर्म दिला नाही आणि तासाभरात कामच सुरू केलं.

ब्लोआउट म्हणजे जमिनीखालच्या नळ्यांतलं पाणी दाबाच्या हवेने बाहेर ढकलणं. पाणी गोठताना सुमारे ९ टक्के फुगतं, त्यामुळे आत राहिलेलं पाणी नळी फोडतं. जमिनीच्या वर असलेला पितळी बॅकफ्लो प्रिव्हेंटर (स्प्रिंकलरचं पाणी उलटं घरच्या नळांत येऊ न देणारा भाग) तर सगळ्यात आधी जातो. या कामाला हवेचा जोर नाही, हवा भरपूर लागते. म्हणून चांगले लोक गाडीमागे ओढून आणायचा मोठा कॉम्प्रेसर आणतात, दाब बेताचा ठेवतात (काळ्या पॉलिथिलीनच्या नळ्यांना ५० पीएसआयच्या, म्हणजे दर चौरस इंचाला ५० पौंडांच्या, आत) आणि एकेक झोन (एका व्हॉल्व्हवर चालणारा फवाऱ्यांचा गट) उघडून नुसतं धुकं येईपर्यंत चालवतात. याने आणला तो टायरात हवा भरायचा छोटा डबा. सासरे जन्मभर शेतीच्या पंपांत वावरलेले, अंगणात उभे राहून बघत होते. त्यांनी विचारलं, “पुढचे फवारे उडाले, मागचे का नाही?” उत्तर मिळालं, “अंकल, मागचं आपोआप रिकामं होतं.” संध्याकाळी सासऱ्यांनी मला हे सांगितलं, तोवर पैसे ‘झेल’ने जाऊन चुकले होते.

ड्राइव्हवे रात्री काळाकुळकुळीत चकाकत होता. सीलरला सुकायला कोरडी हवा आणि साधारण १० अंश सेल्सियसच्या वरचं तापमान लागतं. ऑक्टोबरच्या अखेरच्या रात्री ते कुठून असणार? शिवाय त्यात पाणी घातलेलं. पहिल्याच पावसात काळे ओघळ फुटपाथवर आणि गॅरेजभर पावलं. पन्हळींना तर हातही लावला नव्हता.

पहिला मोठा बर्फ पडला तेव्हा त्याचा फोन लागेना. इथल्या बऱ्याच टाउनशिपमध्ये (गावपालिकांत) घरापुढचा फुटपाथ ठरावीक वेळेत साफ केला नाही तर दंड होतो, त्यामुळे त्याची वाट बघत बसणंही शक्य नव्हतं. नवऱ्याने फावडं घेतलं. एप्रिलमध्ये तळघरातला व्हॉल्व्ह उघडला आणि बॅकफ्लो प्रिव्हेंटरमधून पाण्याची चिळकांडी उडाली. मागच्या अंगणातल्या नळ्याही दोन ठिकाणी फुटल्या होत्या.

बँकेने हात वर केले. पैसे तुम्हीच पाठवले, म्हणजे व्यवहार अनधिकृत नाही. क्रेडिट कार्डावर असते तर निदान वाद घालता आला असता. बिलावर ‘१३व्हीएच’ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक होता. राज्याच्या ग्राहक विभागाच्या संकेतस्थळावर टाकला, तर तो दुसऱ्याच गावातल्या छप्परवाल्याचा निघाला! तो बिचारा आमच्यावरच वैतागला. पोलिसांत आणि ग्राहक विभागात तक्रार दिली आहे. पैसे परतीची आशा मी सोडली आहे.

या वर्षी ब्लोआउटवाल्याला आधीच सांगितलंय की प्रत्येक झोन आमच्यासमोर चालवायचा आणि पैसे काम झाल्यावर. तो म्हणाला, यात सांगायचं काय, आम्ही असंच करतो. बर्फाचे पैसेही आता दर खेपेला देणार.

‘उरलेलं सीलर’ घेऊन कुणी दारात आलं तर नोंदणी क्रमांक ट्रकवर आहे का पाहा, कारण कायद्याने तो तिथे लागतो. बिलावर असला, तर त्यापुढचं नाव आणि गाव जुळतंय का तेही संकेतस्थळावर तपासा. आणि घरात आई-बाबा एकटे असतील तर त्यांना आजच सांगून ठेवा, की अशा माणसाचा फोन आम्हाला जोडून देऊ नका, सरळ ‘संध्याकाळी या’ म्हणा. आमचा माणूस संध्याकाळी आला नसता.