जिम्नीला मोठे टायर: अकरा महिने आणि चौदा हजार किलोमीटरनंतर

माझ्याकडे पाच गिअरची मॅन्युअल मारुती जिम्नी आहे. तिचे मूळ १९५/८० आर १५ मापाचे टायर काढून गेल्या जूनमध्ये मी २३५/७५ आर १५ मापाचे ऑल-टेरेन (डांबर आणि कच्चा रस्ता दोन्हींसाठीचे) टायर बसवले आणि ते चाकाच्या कमानीत घासू नयेत म्हणून गाडी सुमारे ४० मिमी वर उचलणाऱ्या स्प्रिंगही घातल्या. तेव्हापासून गाडी चौदा हजार किलोमीटर धावली. त्यातले फार तर हजार किलोमीटर कच्च्या वाटेवरचे असतील, उरलेले सगळे डांबरावरचे. हे प्रमाण आधीच सांगून ठेवतो, कारण पुढच्या बहुतेक तक्रारी त्यातूनच निघतात.

मोठे टायर घेण्यामागे हौस नव्हती असे म्हणणे खोटे ठरेल, पण कारणही होते. कोरेगाव तालुक्यातल्या आमच्या शेताकडे जाणारी पाणंद जवळपास दीड किलोमीटरची आहे. ऊसतोडीच्या हंगामात भरलेल्या ट्रॉल्या तिथून जातात, काळ्या मातीत दोन खोल चाकोऱ्या पडतात आणि मधला उंचवटा उन्हाने विटेसारखा कडक होतो. त्या उंचवट्यावर गाडीचा मागचा डिफरन्शियलचा गोळा, म्हणजे ॲक्सलच्या मधला, दोन्ही चाकांना ताकद वाटून देणाऱ्या दातेरी चाकांचा फुगीर डबा, घासत असे. जिम्नीचे दोन्ही ॲक्सल अखंड असल्यामुळे हा गोळा ॲक्सलबरोबरच राहतो. स्प्रिंग बदलून बॉडी आणि चासी कितीही वर नेली तरी गोळा जमिनीपासून होता तिथेच राहतो, त्याला वर नेण्याचा उपाय म्हणजे फक्त मोठे चाक. हे मला स्प्रिंगचे पैसे मोजून झाल्यावर नीट उमगले.

मूळ टायरचा व्यास हिशेबाने ६९३ मिमी येतो आणि नव्याचा सुमारे ७३३. म्हणजे व्यास चाळीस मिमीने वाढला, पण गोळ्याखाली मिळाले त्याच्या निम्मे, वीस मिमी. या वीस मिमीची किंमत मी अकरा महिने वेगवेगळ्या खात्यांतून चुकवतो आहे.

पहिले खाते ताकदीचे. मोठ्या टायरने गाडीची पॉवर कमी होते असे सर्रास म्हटले जाते, ते शब्दशः खरे नाही. १.५ लिटरचे इंजिन पूर्वीइतकेच १३४ न्यूटन-मीटर टॉर्क, म्हणजे फिरवणारा पीळ, देते. पण ॲक्सलमधून येणारा तोच पीळ आता जवळपास सहा टक्के मोठ्या त्रिज्येवरून रस्त्याला ढकलतो, त्यामुळे रस्त्यावर पोचणारा जोर साडेपाच टक्क्यांनी कमी होतो. गिअरच्या भाषेत सांगायचे तर ॲक्सलमधले ४.०९० हे गुणोत्तर सुमारे ३.८७ असल्यासारखे वागते, म्हणजे प्रत्येक गिअर थोडा उंच झाला आहे. त्यात वजनाची भर पडते. भंगारवाल्याच्या काट्यावर जुने चाक रिमसकट १७ किलो भरले आणि नवे २२ च्या थोडे वर. हे पाच किलो चाकाच्या मध्यावर नसून परिघाजवळ आहेत, हे महत्त्वाचे. घण डोक्याजवळ धरून फिरवणे आणि दांड्याच्या टोकाला धरून फिरवणे यांत जो फरक आहे, तोच इथे प्रत्येक वेळी वेग घेताना इंजिनाला आणि वेग कमी करताना ब्रेकला सोसावा लागतो.

प्रत्यक्षात हा फरक कुठे जाणवतो? सपाट रस्त्यावर एकटा असताना जवळजवळ नाहीच. पुण्याहून येताना खंबाटकी चढताना मात्र तो हमखास जाणवतो. घरचे चौघे आणि सामान असताना जो टप्पा पूर्वी चौथ्या गिअरमध्ये, थोडे कुरकुरत का होईना, पार पडायचा, तिथे आता ट्रकमागे वेग एकदा तुटला की तिसरा टाकण्यावाचून गत्यंतर नसते. तिसऱ्यात इंजिन ओरडते आणि चौथ्यात दम तोडते, अशी एक गैरसोयीची फट दोन गिअरांच्या मध्ये तयार झाली आहे. हे इंजिन टर्बोचे नसून त्याचा पूर्ण टॉर्क ४००० फेऱ्यांवर मिळतो, त्यामुळे खालच्या फेऱ्यांवर दयामाया नाही. पाचवा गिअर आता खऱ्या अर्थाने महामार्गापुरता उरला आहे. एकदा युरियाची ४५ किलोची पाच पोती मागे भरून गोदामाच्या चढणीवर रिव्हर्स घेतला, तर क्लचचा जळका वास आत आला. पूर्वी याच चढणीवर तसे कधी झाले नव्हते.

याउलट ज्या कच्च्या रस्त्यासाठी लोक ताकदीची चिंता करतात, तिथे ती करण्याचे कारणच नाही. फोर-लोमध्ये, म्हणजे चारही चाकांना ताकद देणाऱ्या संथ गिअरच्या लो रेंजमध्ये, गिअरचा जोर दुप्पट होतो, मग त्यातले पाच-सहा टक्के गेले तरी कळत नाही. पाणंदीत लो रेंजचा दुसरा गिअर घातला की गाडी ओल्या चिकणमातीतूनही संथपणे पुढे सरकत राहते. उणीव फक्त उतारावर दिसते, कारण पहिल्या गिअरमध्ये गाडी पूर्वीपेक्षा किंचित जोरात उतरते आणि पाय ब्रेकवर जातो. थोडक्यात, महिन्यातून दोनदा शेतावर जाणारा माणूस त्या दोन फेऱ्यांचा भुर्दंड रोज डांबरी रस्त्यावर भरत असतो.

ॲव्हरेजबद्दल एक खुलासा आवश्यक आहे. टायर बदलल्यावर माझे ॲव्हरेज १५ वरून १२.९ वर आले आणि मी हादरलो. नंतर महामार्गावरच्या किलोमीटरच्या दगडांवरून मोजले, तेव्हा पन्नास किलोमीटरच्या अंतराला मीटरने ४७.३ दाखवले. चाक मोठे झाल्यामुळे प्रत्येक फेऱ्यात गाडी जास्त अंतर कापते, पण मीटर जुन्याच चाकाचा हिशेब करतो. दुरुस्त केलेला आकडा १३.६ च्या आसपास येतो, म्हणजे खरी घट नऊ टक्क्यांची. वेगाचेही तसेच. काटा ८० वर असताना गाडी पूर्वीपेक्षा चार-पाच किलोमीटर जास्त वेगाने धावत असते, आणि महामार्गावरच्या कॅमेऱ्याला आपल्या टायरचे माप सांगता येत नाही.

पकडीचे श्रेय मात्र मी मापाला देणार नाही. पहिल्या दिवशी टायरवाल्याने सवयीने ३५ पौंड हवा भरली आणि गाडी प्रत्येक खड्ड्यावर चेंडूसारखी उडू लागली. एवढ्या हलक्या गाडीला एवढी हवा लागत नाही. मग टायरच्या नक्षीवर खडूची आडवी रेघ ओढून गाडी अंगणात थोडी पुढे नेली. मधली चार बोटे पुसली गेली होती, दोन्ही कडा पांढऱ्याशुभ्र. हवा टप्प्याटप्प्याने कमी करत २७ पौंडांवर आलो, तेव्हा रेघ सगळीकडे सारखी पुसली गेली. चिखलात मी १८ पर्यंत उतरतो आणि डांबरावर येताच पुन्हा भरतो. माझ्या अनुभवाने चिखलातून गाडी निघते ती या कमी केलेल्या हवेमुळे आणि उघड्या नक्षीमुळे, आणि या दोन्ही गोष्टी लहान टायरमध्येही मिळतात.

बाकीच्या गोष्टी थोडक्यात. पूर्ण वळवल्यावर पुढचे चाक बंपरच्या कोपऱ्याला घासत होते, तो कोपरा कापावा लागला. स्प्रिंगमुळे पुढच्या ॲक्सलचा कॅस्टर कोन (ज्या कलामुळे स्टिअरिंग आपोआप सरळ होते तो) बिघडून स्टिअरिंग भरकटल्यासारखे वाटू लागले. त्यासाठी वेगळे बुश घालावे लागले, ज्याची कल्पना बसवणाऱ्याने आधी दिली नव्हती. पावसात ब्रेक पूर्वीपेक्षा थोडा आधी दाबतो. स्टेपनीही त्याच मापाची घेणे भाग आहे, कारण या गाडीत पुढच्या आणि मागच्या ॲक्सलच्या वेगातला फरक सामावणारा मधला डिफरन्शियल नाही आणि वेगळ्या मापाचे एक चाक लावून फोर-व्हील घातल्यास गिअरयंत्रणेवर ताण येतो. ते जड चाक मागच्या दारावर टांगल्यापासून खराब रस्त्यावर दाराची खडखड ऐकू येते. शिवाय मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार गाडीत कंपनीच्या मूळ तपशिलापेक्षा वेगळा बदल करण्यावर बंधन आहे, तेव्हा विम्याच्या दाव्याच्या वेळी हा प्रश्न निघू शकतो, हे ध्यानात ठेवूनच खर्च करावा.

दोन्ही ॲक्सलमधले क्राउन-पिनियन, म्हणजे ते ४.०९० चे गुणोत्तर ठरवणारी दातेरी चाकांची जोडी, बदलून गिअर पुन्हा खाली आणता येतील, पण ताशी चाळीसच्या वेगाने दीड किलोमीटरची पाणंद गाठणाऱ्या माणसाने तो खर्च करू नये असे माझे मत झाले आहे. हा संच झिजला की मी २१५/७५ आर १५ मापाचे टायर घालणार आहे. त्याने मूळ मापापेक्षा गोळ्याखाली जेमतेम पाच मिमी जास्त मिळतील, याची मला कल्पना आहे. उरलेल्या उंचीसाठी शेजारच्या दोन शेतकऱ्यांबरोबर वर्गणी काढून गेल्या महिन्यात दोन तासांसाठी जेसीबी बोलावला आणि पाणंदीतला मधला उंचवटाच खरवडून काढला.