कीबोर्डची खास बटणं: मोड बदलावा की अॅप घ्यावं?

म्हापशाची मावशी अँड्रॉइड टॅबवर शाळेच्या नोट्स टाईप करते. नवा ब्लूटूथ कीबोर्ड घेतला, अक्षरं उमटतात. पण आवाज, होम, सर्च ही बटणं गप्प. आता मोड बदलावा की अॅप टाकावं, या पेचात ती आहे.

आधी मोड बघ, मावशी, म्हणजे कीबोर्ड कोणत्या प्रकारच्या यंत्रासाठी संकेत पाठवतोय ते. बऱ्याच कीबोर्डांवर एफएन (Fn) या बटणासोबत दाबायच्या काही बटणांवर बारीक अक्षरांत विंडोज, आयओएस, अँड्रॉइड असं छापलेलं असतं. चुकीचा मोड असला की टॅबला भलतेच संकेत जातात. दुरुस्तीला पैसा लागत नाही, एफएनसोबत अँड्रॉइड लिहिलेलं बटण दाबायचं, काही कीबोर्डांवर दोन-तीन सेकंद धरून. टॅब बदलला तरी उपाय चालतो. मात्र कोणतं बटण काय करेल हे कंपनीच ठरवते.

बटणांची कामं बदलून देणारं की मॅपरसारखं अॅपही फुकट आहे आणि त्यात कॅप्स लॉकलासुद्धा वेगळं काम देता येतं. पण त्याला अॅक्सेसिबिलिटीची, म्हणजे दाबलेली बटणं आणि पडदा पाहू देणारी, परवानगी लागते. ती दिली की काही बँकांची अॅप कुरकुरतात. बॅटरी वाचवायला टॅबनं अॅप बंद केलं, तर बटणं पुन्हा मुकी.

नोट्स लिहिणाऱ्या मावशीला मोड पुरे. दिवसभर शॉर्टकटवर काम करणाऱ्यानं अॅप घ्यावं, तेही बँकेचे व्यवहार नसलेल्या टॅबवर.